लायसन्सच्या नव्या नियमांवर हरकत-सूचना कशी द्यावी

सोलापूरच्या साखर पेठेत घरावर मजला चढवायला निघालेल्या एका गिऱ्हाइकानं मला विचारलं, "इंजिनिअरच्या लायसन्सचे नियम बदलले काय, न बदलले काय, आम्हाला काय करायचंय ओ साहेब?" मी त्यांच्याच नकाशावरची सही त्यांना दाखवली. राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत, म्हणजे 2020 च्या डिसेंबरात लागू झालेल्या यूडीसीपीआरमध्ये, 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा दाखल करून शुल्क भरलं की ती पावतीच परवानगी धरली जाते. आपल्या पूर्व भागात असे छोटे प्लॉट किती आहेत ते सांगायला नको. तिथं घराचा सगळा भरवसा त्या एका सहीवर. ती सही कोणी करायची, किती शिकलेल्यानं, चुकलं तर काय, हे ठरवणारे नियम म्हणजे लायसन्सचे नियम. त्यामुळे मसुदा निघाला की त्यावर इंजिनिअरनं लिहावं, सुपरवायझरनं लिहावं आणि घरमालकानं तर जरूर लिहावं. नगररचना कायद्यात शब्द 'कोणतीही व्यक्ती' असाच आहे.

आधी सूचना कोणत्या कायद्याखालची आहे ते बघा

पेपरात बातमी येते ती दोन ओळींची. तिच्यावर विसंबू नका, मूळ सूचना, म्हणजे हरकती मागवणारी सरकारी जाहीर सूचना, काढा. पहिल्या परिच्छेदातच कायदा आणि कलम लिहिलेलं असतं, मुदत त्यावर ठरते.

नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल असेल, तर हरकतींना एक महिना मिळतो. सोबत कलम 154 चा उल्लेख दिसला तर सावध व्हा. बऱ्याचदा शासन त्या कलमाचा आधार घेऊन तरतूद लगेच लागू करतं आणि हरकती मागाहून ऐकतं. मग नुसतं 'करू नका' लिहून भागत नाही. मधल्या काळात दाखल झालेल्या प्रकरणांचं काय, हेही विचारावं लागतं.

केंद्राचा मसुदा असेल तर 2014 चं पूर्वविचारविनिमय धोरण आहे. त्यात किमान 30 दिवस द्यायला सांगितलेत आणि सोप्या भाषेतलं टिपणही. टिपण नसेल तर पहिली सूचना तीच करा.

'मागाहून कोर्टात बघू' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. केंद्राच्या सर्वसाधारण खंड अधिनियम 1897 चं (जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम 23 म्हणतं की पूर्वप्रसिद्धी लागणाऱ्या नियमाचा मसुदा छापायचा, तारीख द्यायची, आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या. त्याच कलमात शेवटी असंही आहे की अंतिम नियम राजपत्रात छापला गेला की तो रीतसर झाला याचा तो निर्णायक पुरावा. म्हणजे प्रक्रियेबद्दल बोलायची खरी वेळ मुदत संपायच्या आधीची.

मसुदा वाचताना पेन्सिल हातात ठेवा

सगळा मसुदा वाचायची गरज नाही. यूडीसीपीआरमध्ये तांत्रिक व्यक्तींची पात्रता आणि जबाबदाऱ्या परिशिष्ट 'सी'मध्ये आहेत. नवा मसुदा आला की हे जुनं परिशिष्ट शेजारी ठेवा आणि बदललेल्या शब्दांखाली रेघ ओढा. 'करील' चं 'करू शकेल' झालं असेल तर तेवढ्यातच अर्धी जबाबदारी गेलेली असते.

कोण कोणत्या कायद्याखाली येतं हे डोक्यात असू द्या, नाहीतर हरकत हास्यास्पद होते. आर्किटेक्टना 1972 चा वास्तुविशारद अधिनियम आहे, त्यांची नोंदणी परिषदेकडे, महापालिकेचं वेगळं लायसन्स त्यांना लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं की त्या कायद्याचं कलम 37 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावण्यापासून रोखतं. नोंदणी नसलेल्याला डिझाइनचं काम करायला बंदी घालत नाही. सिव्हिल इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही, म्हणून त्याचं लायसन्स स्थानिक नियमावलीतून येतं. इंटिरिअर डिझायनरला तर वैधानिक परिषदच नाही. जो भिंत पाडायला सांगतो त्याच्याकडे लायसन्स नाही आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याला भिंत पडल्यावर कळतं, हा अनुभव जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये मी दोनदा घेतलाय. मसुद्यात 'डिझाइन व्यावसायिक' असा शब्द आला, तर त्यात नेमकं कोण कोण, हा प्रश्न पहिला विचारा.

आता लिहायचं

इथंच बहुतेकांचं चुकतं. एक नमुना घेऊ. समजा मसुद्यातल्या नियम 7, उपनियम 3 मध्ये असं आहे: 'परवाना नूतनीकरणासाठी अर्जदाराने दरवर्षी पाच दिवसांचे प्रशिक्षण विभागीय मुख्यालयी पूर्ण करावे.' हे वाक्य मी रचलंय, पण या धाटणीची वाक्यं मसुद्यात असतात. यावर आपली मंडळी काय लिहितात?

'सदर नियम अन्यायकारक असून छोट्या अभियंत्यांच्या पोटावर पाय देणारा आहे. तरी तो त्वरित रद्द करण्यात यावा, ही नम्र विनंती.'

हे पत्र वाचणाऱ्या माणसापुढे तक्ता असतो: नियम क्रमांक, हरकतीचा सारांश, अभिप्राय. आपल्या पत्रातून त्या तक्त्यात काय भरणार तो? 'विरोध' एवढंच. आता हेच असं लिहून बघा:

'नियम 7, उपनियम 3. प्रशिक्षणाला हरकत नाही, ठिकाणाला आहे. सोलापूरहून पुणे सुमारे 250 किलोमीटर. पाच दिवस सलग साइट सोडावी लागेल आणि त्या दिवसांत स्लॅब आला तर देखरेखीला परवानाधारक नसेल. सूचना: "विभागीय मुख्यालयी" या शब्दांऐवजी "जिल्ह्यातील शासकीय तंत्रनिकेतनात किंवा मान्यताप्राप्त अभियांत्रिकी महाविद्यालयात" असे शब्द घालावेत.'

क्रमांक, अडचण, बदली शब्द. तक्ता भरणाऱ्याचं काम तुम्हीच करून दिलंत. हुतात्मा एक्सप्रेसनं पहाटे पुण्याला निघून रात्री परतणाऱ्याचे हाल लिहायचा मोह होतो, तो आवरा.

घरमालकांनी 'आम्हाला तांत्रिक कळत नाही' म्हणू नये. तुमच्याकडे जे आहे ते आमच्याकडे नसतं. आपल्याकडची काळी माती घ्या. मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या तिरक्या भेगेत रुपयाचं नाणं उभं राहतं. श्रावणात माती फुगली की तीच भेग मिटल्यासारखी दिसते. रंगारी पुट्टी भरून पैसे घेऊन जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात नाणं पुन्हा आत. असा फोटो दोन्ही ऋतूंत काढून तारखेसह जोडा आणि लिहा: 'पाया खोदल्यावर, पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकण्यापूर्वी परवानाधारकाने खड्डा प्रत्यक्ष पाहून मातीची नोंद व तारखेचा फोटो दाखल करावा.' जोता तपासणीपर्यंत थांबलं तर पाया कधीच झाकला गेलेला असतो. माझ्या मते अख्ख्या मसुद्यात घरमालकाला उपयोगी अशी एकच ओळ घालता आली तर ती ही घालावी.

दुर्घटनेचा दाखला देताना हात आखडता ठेवा. 18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून 8 जण गेले, हे सोलापुरात कोणाला सांगावं लागत नाही. पत्रात त्याची एक ओळ पुरे. त्यापुढे मागणी हवी: खाली कारखाना आणि वर राहतं घर असलेल्या नकाशावर सही करणाऱ्यानं बाहेर पडायच्या वाटेबद्दल वेगळं प्रमाणपत्र द्यावं, वगैरे.

दोन किंवा तीन मुद्दे घ्या, एका मुद्द्याला अर्धं पान. मराठीतच लिहा, 1964 च्या राजभाषा अधिनियमानं राज्याचा कारभार मराठीतूनच चालायचा आहे, इंग्रजी मोडकं लिहून कोणी प्रभावित होत नाही. आणि संघटनेनं छापून दिलेल्या पत्रावर नुसती सही करू नका. पन्नास सारखी पत्रं एका हरकतीत गुंडाळली जातात. संघटनेचे मुद्दे घ्या, उदाहरण स्वतःचं घाला.

पत्ता आणि पोच

हे मी ठेच खाऊन शिकलोय. काही वर्षांपूर्वी एका फेरबदलावर चार पानी हरकत लिहिली, जवळच्या कार्यालयात आवक खिडकीवर दिली, प्रतीवर निळा शिक्का घेतला, क्रमांक घेतला. शिक्का ठसठशीत होता. सुनावणीचं पत्र काही आलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की सूचनेत हरकती घेणारा अधिकारी दुसऱ्याच कार्यालयातला नेमलेला होता आणि माझा कागद पहिल्या कार्यालयाच्या फायलीत निवांत पडून होता. चूक माझीच, सूचनेचा शेवटचा परिच्छेद वाचलाच नव्हता.

महापालिकेच्या हद्दीतला विषय आहे म्हणून कागद महापालिकेतच द्यायचा असं नसतं. शासनाच्या फेरबदलात हरकती बऱ्याचदा पुणे विभागाच्या नगररचना सहसंचालकांकडे मागवतात. सूचनेत लिहिलेलं पदनाम आणि पत्ता जसाच्या तसा उतरवा. टपालानं पाठवणार असाल तर पोहोचायचे दिवस धरून मुदतीच्या आठवडाभर आधी टाका. ईमेल चालतो असं लिहिलं असेल तर पीडीएफ जोडा आणि विषयात अधिसूचनेचा क्रमांक व तारीख घाला. हाती देत असाल तर दोन प्रती न्या आणि पोचेवर तारीख पडली का ते खिडकीपाशीच बघा. पत्राच्या शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी' ही ओळ विसरू नका.

सुनावणीला बोलावलं तर

वेळ थोडा मिळतो, दोन-पाच मिनिटं. 'साहेब, माझी हरकत नियम 7, उपनियम 3 वर आहे' इथूनच सुरुवात करा. फोटो मोठ्या आकारात छापून न्या, मोबाईल पुढे करू नका. पुढचा माणूस तुमच्या उलट बोलला तर तिथं वाद घालत बसू नका, टिपून घ्या.

नंतर

हरकती विचारात घ्यायलाच हव्यात; मान्य कराव्यात असं बंधन नाही. अंतिम नियम आले की मसुद्याशेजारी ठेवून तुमचा उपनियम शोधा. तिथं काहीच हललं नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. मजकूर 150 शब्दांत आणि विषय एकच. मागणी अशी लिहा: 'अमुक क्रमांकाच्या अधिसूचनेवरील माझ्या अमुक तारखेच्या हरकतीवर नोंदवलेला अभिप्राय आणि त्या टिप्पणीची छायांकित प्रत मिळावी.' सोबत पोचेची झेरॉक्स लावा. उत्तराला 30 दिवस असतात, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.