जुनी डॉमिनार की नवी? सेकंडहँड घेताना तुलना अशी करा

सेकंडहँड बजाज डॉमिनार ४०० ही मोटरसायकल घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘यूएसडीवालीच घे, जुनीच्या वाटेला जाऊ नको.’ (यूएसडी म्हणजे पुढचे उलटे बसवलेले शॉकअप; ते २०१९ पासूनच्या, म्हणजे ‘नव्या’ गाडीला आहेत.) सल्ला देणाऱ्याने बहुधा मित्राची नवी गाडी चालवलेली असते आणि जुनी कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली पाहिलेली असते. याला तुलना म्हणत नाहीत. जुनं मॉडेल वेगळं आणि झिजलेली गाडी वेगळी. या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडता आला, तरच व्यवहारात टिकाल. विशेषतः गोव्यात, कारण इथे चार पावसाळे आणि खारी हवा गाडीचं जे करतात ते किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही.

१. समोरची गाडी नेमकी कोणती?

पहिली डॉमिनार डिसेंबर २०१६ मध्ये आली. ३७३.३ सीसी, एक कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ८,००० आरपीएमला ३५ पीएस ताकद, पुढे साधे टेलिस्कोपिक शॉकअप. २०१८ ला नवे रंग आणि सोनेरी अलॉय आले, आत फारसा फरक नाही. खरा बदल २०१९ चा: दोन कॅमशाफ्ट, ८,६५० आरपीएमला ४० पीएस, पुढे यूएसडी शॉकअप, दोन तोंडांचा सायलेन्सर आणि टाकीवरच्या छोट्या पट्टीत गिअर दाखवणारा दुसरा डिस्प्ले. २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा नवा निकष आला, ताकद तीच राहिली. ऑक्टोबर २०२१ पासून उंच काच, हातांसमोरचे गार्ड, कॅरिअर वगैरे सामान कंपनीकडूनच बसून येऊ लागलं.

सायलेन्सर आणि शॉकअप बदलता येतात, त्यामुळे नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. विकणारा सांगतो ते साल बहुतेक वेळा नोंदणीचं असतं.

एक गोष्ट मात्र इथेच तपासा. सुरुवातीच्या वर्षांत डॉमिनार एबीएसशिवायही (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) मिळत होती. पुढच्या डिस्कजवळ खाचांची बारीक रिंग आणि तिच्यासमोर सेन्सरची वायर दिसत नसेल, तर गाडीला एबीएस नाही. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी मी घेणार नाही. जूनच्या पहिल्या सरीत खाणीच्या ट्रकांनी सांडलेली तांबडी माती आणि डिझेल रस्त्यावर एकजीव होतं, तेव्हा बोटांच्या हुशारीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

२. कागद

एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाका: कितवा मालक, बँकेचा बोजा, विमा. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तर गाडी भाड्याची आहे. ती खाजगी करून दिल्याशिवाय पैसे देऊ नका. एमएच किंवा केए पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण एनओसी आणि गोव्याचा रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीचशी विरते.

३. झीज बाजूला काढा

सगळे फसतात ते इथे. मलाही ही पायरी बराच काळ चकवत होती, कारण चालवताना जे जाणवतं ते मॉडेलमुळे की झिजेमुळे, हे सीटवर बसून कळत नाही. ‘जुनी वळणात जड जाते’, ‘जुनी फार थरथरते’, ‘जुनीचं पुढचं चाक लबाडी करतं’. यातलं निम्मंअधिक टायर, चेन आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बोलत असतात. म्हणून चालवण्याआधी गाडी मेस्त्रीकडे न्या. विकणारा तयार नसेल तर तिथूनच परत फिरा.

कोनसेटपासून सुरुवात करा. इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि हँडल एका बोटाने, अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर हँडल किंचित अडकल्यासारखं झालं, जणू तिथे बारीक खळगा आहे, तर कोनसेट गेला. हायवेवर अशी गाडी सरळ रेषेत बारीक हेलकावे खाते आणि माणूस दोष देतो साध्या शॉकअपला. मग चाक हलू न देता शॉकअपचे खालचे पाय धरून पुढेमागे ओढा. खट् असा आवाज आला तर कोनसेट ढिला आहे. नुसता ढिला असेल तर आवळून भागतं; खळगा पडला असेल तर बदलायलाच हवा.

मग शॉकअप. यूएसडी म्हणजे आपोआप चांगले, हे डोक्यातून काढा. साध्या शॉकअपची चकचकीत नळी वर असते. यूएसडीची तीच नळी खाली, चाकाच्या बाजूला येते आणि चिखल, खडी, किनाऱ्यावरची वाळू सगळं आधी तिच्यावर आदळतं. त्यामुळे गोव्यातली यूएसडीवाली नीट पाहायला जास्त वेळ लागतो. नळी पांढऱ्या फडक्याने पुसा आणि नखाची कड वरून खाली फिरवा, मागच्या बाजूनेही, कारण गाडी धुणारे तिथे पोचत नाहीत. नख कुठे अडखळलं तर तिथे गंजाचा ठिपका आहे. मग पुढचा ब्रेक धरून शॉकअप आठ-दहा वेळा दाबा आणि फडकं पुन्हा फिरवा. तेलाची रेघ उमटली की सील गेलं. सीलचा खर्च किरकोळ. पण ठिपक्यांची नळी तशीच ठेवून नुसतं सील बदललं तर ते नवं सीलही ठिपके कापून काढतात. ‘सील कालच बदललंय’ असं कोणी कौतुकाने सांगितलं की मी आधी नळी बघतो.

चेनसाठी वेगळं काही लागत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचं किट संपलं. डॉमिनार सिंगल सिलिंडर आहे, थोडी थरथरणारच. पण झिजलेल्या चेनची थरथर फूटरेस्टमध्ये धडधडत येते आणि थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की झटका बसतो.

टायरवर चार आकडे असतात, ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर आणि टायर सहा वर्षांचा, हे मिश्रण गोव्यात नेहमी दिसतं, कारण मालक बाहेरगावी असतो आणि गाडी उभीच असते. असा टायर दगड झालेला असतो. मूळ टायर रेडियल आहेत, मागचा १५०/६०-१७. मागे कुणी स्वस्तातला साधा टायर चढवला असेल तर वळणातली गाडीची वागणूकच पालटते, मग तिची तुलना दुसऱ्या डॉमिनारशी करूच नका.

आता खारेपण. गाडी मोरजी, कळंगुट, कोलव्याच्या बाजूला राहिली असेल तर रेडिएटरच्या पातळ पात्यांवरून बोट हलकेच फिरवा. पांढरी भुकटी निघून पाती चुरगळली तर रेडिएटर लवकरच खर्च काढणार. सीट काढून वायरिंग पाहा. कुणी फॉग लाइट लावून वायर सोलून जोडल्या असतील तर तांब्यावर हिरवा थर हमखास सापडतो. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. गाडी २०२३ च्या आधीची असेल तर पेट्रोलचे पाइप दाबून बघा, कारण आता पंपावर मिळणारं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल ती बनली तेव्हा गृहीत धरलेलं नव्हतं. कडक झालेले किंवा चिरलेले पाइप बदलावे लागतील.

या सगळ्याचा खर्च कागदावर मांडा. आता कुठे दोन गाड्या एका रांगेत आल्या.

४. चालवून बघणं

दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरून. पणजीच्या आसपास सपाट रस्ता हवा असेल तर अटल सेतूचा विचार सोडा, दुचाकींना तिथे बंदी आहे. माझं मत विचाराल तर सरळ साखळीहून केरीला जा आणि चोर्ला घाट चढा. गावातले स्पीडब्रेकर, मोकळा पट्टा आणि आकडी वळणं असं सगळं त्यात येतं.

बघायचं एकच. दोन्हींचा कमाल टॉर्क (इंजिनाची ओढ) ३५ एनएमच, पण जुनीचा ६,५०० आरपीएमला मिळतो, नवीचा ७,००० ला. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना आरपीएम खाली येऊ द्या आणि मग थ्रॉटल द्या. जुनी तिथून कुरकुर न करता उचलते. नवी वर गेल्यावर खुलते, आरपीएम चढवत नेले तर तिचे जास्तीचे ५ पीएस तिथे सापडतात. मागे बायको किंवा मुलगा बसवून बघा. गोव्यात गाडी क्वचितच एकट्याने चालते.

पुणे-बेंगळुरू करणार असाल तर २०१९ नंतरचीच घ्या, यावर मी वाद घालत नाही. ओव्हरटेकला ते वरचे आरपीएम उपयोगी पडतात. म्हापसा, फोंडा, सावंतवाडी आणि वर्षाकाठी एखादी गोकर्णची फेरी एवढंच असेल, तर एबीएसवाली २०१८ ची निरोगी गाडी पुरून उरते. ‘जुनी म्हणजे भंगार’ म्हणणारे फक्त महागडी गाडी विकून देतात.

५. भाव

प्रत्येक गाडीच्या सांगितलेल्या भावात तिसऱ्या पायरीचा खर्च मिळवा आणि मग बेरजा शेजारी ठेवा. नळीवर ठिपके पडलेली २०१९ ची ही बेरीज कित्येकदा नव्याने कोनसेट आणि टायर घातलेल्या २०१८ च्या फार पुढे जाते. घासाघीस करताना ‘ऑनलाइन स्वस्त दिसतेय’ म्हणू नका, मेस्त्रीचा कागद पुढे करा. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि दोन्ही चाव्या हातात आल्यावरच पूर्ण रक्कम द्या. दुसरी चावी ‘घरी राहिली’ असेल तर ती आणेपर्यंत थांबा.