एस12 रायबोसोम प्रथिन शोधात का निसटतं

जिवाणूच्या जिनोममध्ये (संपूर्ण डीएनएमध्ये) बाकीची रायबोसोम प्रथिनं, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे घटक, मिळाली, एस12 मात्र मिळेना. ते नसेल तर पेशी जगणारच नाही, तेव्हा दोष शोधण्याच्या पद्धतीत असणार.

एस12 च्या कुटुंबाची खूण, म्हणजे त्यातल्या प्रथिनांत सारखा आढळणारा अमिनो आम्लांचा क्रम, आठ जागांची: लायसिन किंवा आर्जिनिन, मग काहीही एक, प्रोलिन, ॲस्परॅजिन, सेरीन, ॲलनिन किंवा आर्जिनिन, काहीही एक, आर्जिनिन. ई. कोलाय या जिवाणूमध्ये, सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल मोजणीत धरून, ती 43 ते 50 वर बसते. माणसाच्या एस23 या रायबोसोम प्रथिनामध्येही हीच खूण आहे.

आधी फास्टा फाईल (सीक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम, अक्षरांत साठवणारी फाईल) तपासा. ओळ बऱ्याचदा 60 अक्षरांना तुटते आणि ग्रेप ही मजकूर शोधणारी आज्ञा ओळीपलीकडे बघत नाही. स्टार्ट कोडॉन (प्रथिन जिथून सुरू होतं ती खूणगाठ) चुकून 15 अमिनो आम्लं आधी धरला गेला, की खूण 58 ते 65 वर सरकते आणि मधोमध कापली जाते. प्रत्येक सीक्वेन्स एका ओळीत आणून मगच शोधा.

तरीही मिळालं नाही, तर स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक आठवा. 43 वरचं, म्हणजे खुणेच्या पहिल्या जागेवरचं, लायसिन बदललं की जिवाणू या औषधाला दाद देत नाही. तिथे आर्जिनिन आलं तर खूण टिकते, ॲस्परॅजिन किंवा थ्रिओनिन आलं तर मोडते. माझ्या नमुन्यात ॲस्परॅजिन निघालं.

पहिली जागा मोकळी सोडली (तिथे कोणतंही अमिनो आम्ल चालेल असं धरलं) आणि प्रथिन सापडलं. पण सगळी अमिनो आम्लं समप्रमाणात धरली, तर मूळ खूण 1.6 कोटी जागांत एकदा योगायोगाने जुळते, मोकळी खूण 16 लाखांत एकदा. एका जिनोममध्ये एखादी खोटी जुळणी सहज येते. म्हणून लांबी साधारण 125 आहे का आणि लगेच पुढे एस7 या दुसऱ्या रायबोसोम प्रथिनाचं जनुक आहे का, हे पाहूनच नाव द्या.