इंग्रजी स्पेलिंग शिकवताना या चुका टाळा

सातवीतल्या भाचीने परवा डिक्टेशनची वही पुढे केली. सरदार या अर्थाचा 'नाइट' तिने एन-आय-जी-एच-टी असा लिहिला होता, त्यावर लाल फुली. "मावशी, बोलायचाच नाही तर तो के लावतात कशाला?"

"के सायलेंट असतो, पाठ कर" असं म्हणून आपण मुलांची बोळवण करतो. पहिली चूक इथेच होते.

तो के एके काळी स्पष्ट ऐकू यायचा. जुन्या इंग्रजीत हा शब्द साधारण 'क्निख्त' असा होता. जीएचच्या जागी घशाजवळ घासत निघणारा आवाज. गुडघ्याला जर्मन माणूस आजही 'क्नी' म्हणतो, इंग्रज नुसतं 'नी' म्हणतो, पण के दोघेही लिहितात. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं. उच्चार थोडाच थांबतो! साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर जागचे हलले. 'हूस'चं 'हाउस' झालं, आपल्या 'नाम'च्या जवळचा शब्द 'नेम' झाला. अक्षरं जुनीच राहिली.

मात्र प्रत्येक सायलेंट अक्षर म्हणजे जुना उच्चार, असंही धरून चालू नका. हुशार मुलं नेमकी इथे फसतात. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी इंग्रजीत कधीच बोलला गेला नाही. शब्द फ्रेंचमधून बीशिवाय आला. लॅटिन 'डेबिटुम'शी नातं दिसावं म्हणून तो मागाहून घुसवला. 'आयलंड'मधल्या एसला तर तेवढाही आधार नाही. शब्द अस्सल इंग्रजी, पण लॅटिनमधून आलेल्या 'आइल'च्या संगतीने त्याला एस चिकटला.

'कलर'मधला यू अमेरिकनांनी खाल्ला, हेही अर्धवटच. तसली बिनयूची स्पेलिंगं इंग्लंडमध्येही छापली जात. इंग्लंडच्या जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशाने यू राखला, अमेरिकेच्या वेबस्टरच्या १८२८ च्या शब्दकोशाने गाळला.

आणि इंग्रजीला नावं ठेवताना आपला 'जग' आठवावा. दुनिया आणि पाण्याचं भांडं, लिहिणं एकच, 'ज' वेगळा.

स्पेलिंग अडलं की शब्दाचे नातलग शोधा. 'साइन'मधला जी 'सिग्नेचर'मध्ये बोलतो, 'ऑटम'मधला एन 'ऑटम्नल'मध्ये. भाचीला एवढंच सांगितलं. रात्री जेवता जेवता ती म्हणाली, "मावशी, 'कॉलम'चा एन सापडला. 'कॉलम्निस्ट'मध्ये आहे!"