सिट्रिक्स प्रोव्हिजनिंगची नवी आवृत्ती: आधी क्रम, मग सुविधा

सिट्रिक्स प्रोव्हिजनिंग एकाच डिस्क प्रतिमेवरून नेटवर्कमार्गे अनेक यंत्रे चालवते. ही सामायिक प्रतिमा म्हणजे व्हीडिस्क, आणि तिच्यावर चालणारे प्रत्येक यंत्र म्हणजे टार्गेट. या सिट्रिक्स प्रोव्हिजनिंगची, म्हणजे २०१८ पर्यंत जी प्रोव्हिजनिंग सर्व्हिसेस किंवा नुसती पीव्हीएस म्हणून ओळखली जात होती तिची, नवी आवृत्ती बसवली की नव्या सुविधा आपोआप लागू होतात, असे अनेक प्रशासक गृहीत धरतात. प्रत्यक्षात इन्स्टॉलर फक्त त्या उपलब्ध करून देतो. त्या चालू करण्याचे काम व्हीडिस्कच्या गुणधर्मांत, तिच्या आवृत्त्यांच्या खिडकीत किंवा हायपरव्हायजरवर, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जाऊन आपल्यालाच करावे लागते. रॅममधील राइट कॅश (टार्गेटचे लेखन साठवण्याची जागा) ७.१ मध्ये आली, व्हीडिस्कच्या फाइलचे व्हीएचडीएक्स स्वरूप ७.७ मध्ये आले आणि ॲक्सिलरेटर (वाचलेला भाग जवळच साठवणारी सुविधा) ७.१३ मध्ये आला. त्यामुळे जुन्या फार्मवरून, म्हणजे एकच डेटाबेस वापरणाऱ्या प्रोव्हिजनिंग सर्व्हरच्या गटावरून, थेट अलीकडच्या आवृत्तीवर येणाऱ्याच्या हाती हे सगळे एकदमच पडते. हे सगळे एकाच रात्री चालू करू नये, कारण दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप मंद झाले, तर दोष नेमका कोणत्या बदलाचा आहे हे शोधणे जवळजवळ अशक्य होते.

सर्व्हर आधी, टार्गेट नंतर

प्रोव्हिजनिंग सर्व्हरची आवृत्ती टार्गेट डिव्हाइसवरील सॉफ्टवेअरच्या बरोबरीची किंवा त्याहून नवी असली पाहिजे. उलट परिस्थिती चालत नाही. म्हणून सर्वप्रथम एसक्यूएल सर्व्हरवरील फार्मच्या डेटाबेसचा बॅकअप घ्यावा, मग लायसन्स सर्व्हर अद्ययावत करावा आणि त्यानंतरच पहिल्या प्रोव्हिजनिंग सर्व्हरला हात लावावा. या पहिल्या सर्व्हरवर इन्स्टॉलेशननंतर कॉन्फिगरेशन विझार्ड चालवला की तोच डेटाबेसची रचना नव्या आवृत्तीला जुळवून घेतो. विझार्ड चालवणाऱ्या खात्याला डेटाबेसवर पुरेसे अधिकार नसतील, तर सोबत मिळणाऱ्या डीबीस्क्रिप्ट या साधनाने स्क्रिप्ट तयार करून ती डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडून चालवून घेता येते. उरलेले सर्व्हर एकेक करून घ्यावेत. हाय अव्हेलेबिलिटी नीट मांडलेली असेल, तर बंद होणाऱ्या सर्व्हरवरील टार्गेट दुसऱ्या सर्व्हरवर सरकतात आणि वापरकर्त्यांचे काम चालू राहते.

प्रत्येक सर्व्हरनंतर बूटस्ट्रॅप फाइल, म्हणजे सुरू होणाऱ्या टार्गेटला सर्व्हरचे पत्ते देणारी फाइल, उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. तिच्यात लॉगइनसाठी जास्तीत जास्त चार सर्व्हरचे पत्ते बसतात, आणि बंद केलेल्या जुन्या सर्व्हरचा पत्ता त्यात राहिला, तर टार्गेट सुरू होताना उगाच वाट पाहत बसते. फायरवॉलवर स्ट्रीमिंगसाठी यूडीपी ६९१० ते ६९३० आणि कन्सोलच्या (व्यवस्थापनाच्या साधनाच्या) सोप सेवेसाठी ५४३२१ ते ५४३२३ हे पोर्ट मोकळे आहेत, याचीही खात्री करावी.

टार्गेटचे सॉफ्टवेअर जागच्या जागी बदलणे

पूर्वी हे काम फार त्रासाचे होते. टार्गेट स्वतःच नेटवर्कवरून स्ट्रीम होणाऱ्या डिस्कवर चालत असल्यामुळे, ज्या ड्रायव्हरमधून ती डिस्क येते तोच ड्रायव्हर चालू असताना काढता येत नसे. मग व्हीडिस्क उलटी स्थानिक हार्ड डिस्कवर उतरवायची, तिथून यंत्र सुरू करायचे, जुने सॉफ्टवेअर काढून नवे बसवायचे आणि पुन्हा नवी प्रतिमा तयार करायची, असा सगळा खटाटोप करावा लागे. व्हीडिस्कमध्ये ७.६.१ किंवा त्यानंतरचे टार्गेट सॉफ्टवेअर असेल, तर आता ते चालत्या व्हीडिस्कवरच बदलता येते. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीसुद्धा जुनी आवृत्ती सोडण्यास हरकत नाही.

त्यासाठी कन्सोलमध्ये व्हीडिस्कवर राइट क्लिक करून आवृत्त्यांची खिडकी उघडावी आणि नवी आवृत्ती तयार करावी. ती आपोआप मेंटेनन्स स्थितीत येते. एका टार्गेटचा प्रकार मेंटेनन्स असा करून ते सुरू करावे आणि बूट मेनूत ही नवी आवृत्ती निवडावी. मेंटेनन्स आवृत्तीवर एका वेळी एकच यंत्र सुरू होऊ शकते, हे लक्षात असू द्यावे. टार्गेटचा इन्स्टॉलर चालवून तो मागेल तेव्हा यंत्र पुन्हा सुरू करावे, सेवा नीट चालू झाल्याचे पाहावे आणि मगच यंत्र बंद करावे. यानंतर आवृत्तीला टेस्ट स्थितीत बढती द्यावी. टेस्टमध्ये अनेक यंत्रे एकाच वेळी तिच्यावर चालवता येतात, म्हणून रोजचे काम करणारे काही वापरकर्ते तिथे बसवणे सर्वांत उपयोगाचे ठरते. प्रॉडक्शनची बढती त्यानंतर.

स्टोअर, म्हणजे व्हीडिस्कच्या फाइल ठेवण्याची जागा, प्रत्येक सर्व्हरच्या स्थानिक डिस्कवर असेल, तर बढतीपूर्वी आणखी एक काम उरते. नव्या आवृत्तीतील बदल साठवणारी एव्हीएचडी किंवा एव्हीएचडीएक्स फाइल आणि तिच्या गुणधर्मांची पीव्हीपी फाइल बाकीच्या सर्व्हरवर स्वतः नक्कल करावी लागते. विंडोजच्या रोबोकॉपी या साधनाने हे सहज होते. मात्र एलओके ही कुलपाची फाइल कधीही नक्कल करू नये. नक्कल झाल्यावर कन्सोलमधील रेप्लिकेशनची स्थिती पाहून प्रत्येक सर्व्हरवर फाइल पोहोचल्याची खात्री करावी.

रॅममधील राइट कॅश

सर्वांत जास्त फरक जाणवतो तो इथे, आणि सर्वांत जास्त घोळही इथेच होतो. या पर्यायात टार्गेट आपले सर्व लेखन आधी रॅममध्ये ठेवते. ठरवून दिलेली रॅम भरली की सर्वांत जास्त काळ न वापरलेले खंड स्थानिक डिस्कवरील व्हीडिस्कडिफ नावाच्या व्हीएचडीएक्स फाइलमध्ये जातात. छोटी, विखुरलेली लेखने रॅममध्येच थांबत असल्याने स्टोरेजवरचा ताण लक्षणीय घटतो.

कन्सोल रॅमसाठी ६४ एमबी हा मूळ आकडा सुचवतो, आणि तो फारच तोकडा आहे. ६४ बिट डेस्कटॉपसाठी ५१२ एमबीपासून आणि अनेक वापरकर्ते सामावणाऱ्या सर्व्हरसाठी २ ते ४ जीबीपासून सुरुवात करावी. ही रॅम विंडोजच्या नॉन-पेज्ड पूलमधून घेतली जाते, म्हणजे ॲप्लिकेशनच्या वाट्यातून कमी होते. म्हणून ४ जीबीच्या यंत्रावर ५१२ एमबी कॅश देताना यंत्राची रॅम तेवढ्याने वाढवावी, अन्यथा एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

डिस्कचा आकार जुन्या अंदाजाने ठरवू नये. ही फाइल २ एमबीच्या खंडांनी वाढते, त्यामुळे तेवढ्याच लेखनाला जुन्या हार्ड डिस्क कॅशपेक्षा जास्त जागा लागू शकते. त्यात पेजफाइल आणि तिकडे वळवलेले इव्हेंट लॉगही त्याच डिस्कवर बसतात. रॅम आणि डिस्क दोन्ही भरल्या, तर यंत्र कोणतीही सूचना न देता गोठते. बदल करण्यापूर्वी व्हीडिस्कची वेगळ्या नावाने नक्कल करून ती स्टोअरमध्ये आयात करावी, काही टार्गेट तिच्यावर लावावेत आणि टास्कबारवरील व्हर्च्युअल डिस्क स्टेटसमध्ये कॅशचा प्रकार आपण निवडला तोच दिसतो का, हे पाहावे.

व्हीएचडीएक्स आणि ॲक्सिलरेटर

व्हीएचडीएक्समुळे जुन्या व्हीएचडी स्वरूपाची २ टीबीची मर्यादा ६४ टीबीवर जाते, पण व्हीडिस्क सहसा एवढी मोठी नसतेच. डिस्कच्या ४के क्षेत्रांशी (४ केबीच्या तुकड्यांशी) जुळणारी मांडणी हा या स्वरूपाचा खरा लाभ. नवी प्रतिमा इमेजिंग विझार्डने बनवताना हेच स्वरूप निवडावे. चालू व्हीएचडी साखळ्या, म्हणजे मूळ प्रतिमा आणि तिच्यावर रचलेल्या आवृत्त्या, केवळ स्वरूपासाठी बदलण्याची घाई करू नये. साखळीत पाचच्या आसपास आवृत्त्या साठल्या असतील, तर त्या एकत्र करून नवा पाया बनवणे अधिक गरजेचे आहे.

ॲक्सिलरेटर झेनसर्व्हर या हायपरव्हायजरच्या ७.१ आवृत्तीपासून चालतो. तो व्हीडिस्कमधून वाचलेला भाग यजमान यंत्रावरच साठवतो, त्यामुळे त्याच यजमानावरील पुढच्या टार्गेटला तो नेटवर्कवरून आणावा लागत नाही. वापरात असलेल्या प्रत्येक व्हीडिस्क आवृत्तीमागे किमान ५ जीबी जागा राखावी. सकाळी एकदम सुरू होणाऱ्या डेस्कटॉपना याचा चांगला उपयोग होतो. लेखन जास्त असलेल्या ठिकाणी मात्र यातून विशेष काही साधत नाही.

व्हीडिस्कच्या नव्या आवृत्तीत दोष दिसला, तर आवृत्त्यांच्या खिडकीत वरच्या बाजूला प्रॉडक्शन यंत्रे कोणत्या आवृत्तीवरून सुरू व्हावीत हे ठरवणारी यादी असते. तिथे जुनी आवृत्ती निवडून यंत्रे पुन्हा सुरू केली की डेस्कटॉप पूर्वस्थितीत येतात. सर्व्हरचा डेटाबेस मात्र असा मागे घेता येत नाही. त्यासाठी सुरुवातीला घेतलेला बॅकअपच लागतो.