मॉरिशसमध्ये दोघांनी बाहेर खायला निघताय? या चुका टाळा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला आम्ही नवरा-बायको फ्लाक गावच्या बाजारपेठेत उभे होतो. दुपारी बसमधून जाताना ज्या दुकानांपुढे रांगा पाहिल्या होत्या, त्या सगळ्यांची शटरं खाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि हॉटेलवर परतायला टॅक्सीशिवाय काही मिळेना. त्या सुट्टीत आमचं जेवण चार-पाचदा बिघडलं आणि बहुतेक वेळा कारण एकच होतं. आम्ही आमच्या वेळेला भुकेले व्हायचो आणि ते बेट त्याच्या वेळेला जेवायचं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगते: रात्रीचं जेवण हे दिवसाचं मुख्य जेवण धरू नका. मॉरिशसमधल्या साध्या खाण्याच्या जागा, ज्यांना तिथे ‘स्नॅक’ म्हणतात, आणि रस्त्यावरचे गाडे हे कामावर जाणाऱ्यांसाठी आणि शाळेच्या मुलांसाठी चालतात. सकाळी लवकर सुरू होतात, अकरा ते दीडपर्यंत गर्दी असते, माल संपला की गाडा बंद. राजधानी पोर्ट लुईस तर कचेऱ्या सुटल्या की ओस पडते. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी मुसलमानांची बरीच दुकानं थोडा वेळ बंद असतात, तेव्हा बिर्याणी खायची असेल तर साडेअकरालाच जा. रविवारी दुपारनंतर गावांत फारसं काही उघडं नसतं, कारण लोक डबे आणि पातेली घेऊन समुद्रावर गेलेले असतात.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्याच बाजूचा आहे. मॉरिशसचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे चालतं. पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पहाटे साडेचार-पाचलाच जाग येईल. परत झोपू नका, बाहेर पडा. ताजे गातो पिमां तळले जात असतात ती हीच वेळ. डाळ भरड वाटून त्यात मिरची आणि कांद्याची पात घालून केलेले हे छोटे गोल वडे लोणी लावलेल्या पावात घालून देतात. वडापाववर वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. दुपारी पोटभर जेवा आणि रात्रीसाठी फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ग्राँ बे अशा समुद्रकाठच्या गावांवर भिस्त ठेवा. तिथे मीन, म्हणजे नूडल्स, आणि बुलेत, म्हणजे वाफवलेले गोळे, विकणारे काही गाडे उशिरापर्यंत असतात. एवढं करूनही शटरं बंद मिळाली, तर कोपऱ्यावरच्या ‘ताबाजी’त म्हणजे किराण्याच्या दुकानात पाव, चीज, केळी मिळतात. आम्ही त्या रात्री तेच खाल्लं.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. भारतातून घेतलेल्या बहुतेक पॅकेजांत सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलातच धरलेलं असतं. पैसे भरलेत म्हणून माणूस रोज रात्री तिथेच जेवतो. शक्य असेल तर फक्त नाश्त्याचं बुकिंग करा, किंवा निदान दोन-तीन रात्री मोकळ्या ठेवा.

‘एक पेर’ म्हणजे दोन

डाळपुरी हा मॉरिशसचा जीव आहे. पिवळ्या वाटाण्याची शिजवलेली डाळ बारीक करून भरलेली, तव्यावर भाजलेली, रुमालासारखी मऊ पोळी. त्यावर मोठ्या वालासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय (दाटसर रस्सा) आणि चटणी, आणि सगळं कागदात गुंडाळून हातात. ऊसमळ्यांत राबायला बिहारहून गेलेल्या मजुरांबरोबर ही पोळी तिथे पोचली. ती विकतात जोडीने, आणि जोडीला म्हणतात ‘पेर’. आम्ही दोघं म्हणून मी दोन बोटं दाखवली आणि चार पोळ्या आल्या. अकरा वाजता चार पोळ्या खाल्ल्या की साडेबाराला मीन खायला जागा उरत नाही. दोघांत मिळून ‘एन पेर’ म्हणजे एक जोडी घ्या, प्रत्येकी एक पोळी, आणि पुढच्या गाड्यावर चला.

दोघांनी फिरण्यातला खरा फायदा हाच आहे, आणि बरीच जोडपी तो वाया घालवतात. दोघंही एकच पदार्थ मागवतात, किंवा प्रत्येकाला पूर्ण ताट. एक पदार्थ, दोन चमचे, मग पुढे. आणि दोघंही कडकडून भूक लागेपर्यंत थांबू नका. आमची सुट्टीतली सगळी भांडणं उपाशीपोटी जागा शोधताना झाली. आता पिशवीत एक पाव आणि दोन केळी असतातच.

मिरची

गाड्यावर पहिला प्रश्न येतो, ‘पिमां?’ पिमां म्हणजे मिरची. आपण मराठी माणसं ठेचा खाणारी, त्यामुळे मान लगेच होकारार्थी हलते. माझ्या नवऱ्याची हलली. आपल्या ठेच्यात मिरची भाजलेली किंवा परतलेली असते, लसूण असतो, बरेचदा दाण्याचं कूटही असतं. तिथली लहान मिरची बहुधा कच्चीच ठेचून तेल-मिठात ठेवलेली असते. पहिल्यांदा ‘तिगीत पिमां’ म्हणा, म्हणजे थोडीशी. अजिबात नको असेल तर ‘सां पिमां’. जीभ पोळलीच तर पाण्याने काही होत नाही, दूध लागतं. पोर्ट लुईसच्या मध्यवर्ती बाजारात आलुदा मिळतो, थंड दुधात सब्जा आणि अगर-अगरच्या जेलीसारख्या पट्ट्या घातलेला, आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ. त्या दिवशी नवऱ्याला त्यानेच सावरलं.

‘शाकाहारी’ म्हणजे काय, हे नीट सांगा

नवरा शाकाहारी आहे, मी मालवणची, मासे खाणारी. त्यामुळे हा विषय आमच्या ताटात रोज असायचा आणि इथेच सगळ्यात जास्त चुका झाल्या.

बुलेत रश्श्यात घालून देतात. त्यातले एक सूसू नावाच्या फिकट हिरव्या फळभाजीचे असतात. भाजीचे आहेत म्हणून नवऱ्याने घेतले. अर्धी वाटी संपल्यावर कळलं की रस्सा मासळीचा होता, आणि गोळ्यांतही अनेकदा सुकी कोळंबी घालतात. विकणारीची काही चूक नव्हती, आम्ही फक्त ‘भाजी?’ एवढंच विचारलं होतं. नूडल्सचंही तसंच, भाजीच्या मीनमध्ये अंडं किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. ‘बोल राँव्हेर्से’ म्हणजे वाडग्यात भात आणि परतलेल्या भाज्या दाबून ताटलीत उलटा करून देतात, वर तळलेलं अंडं. तो शाकाहारी करून मिळतो, पण मागावा लागतो. ‘मो पा मांझ लाव्यान’ म्हणजे मी मांस खात नाही, पण त्यात मासे आणि अंडी आपोआप येत नाहीत. पुढे ‘नी प्वासों, नी दिझेफ’ जोडा: मासे नाहीत, अंडीही नाहीत. आणि रस्सा आणि सॉस वेगळे विचारा.

गोमांस टाळणाऱ्यांनीही विचारूनच खावं. बिर्याणी, हालिम, बुलेत यांत ते सर्रास असतं, आणि त्याला तिथे ‘बेफ’ म्हणतात. आपल्यासारखे चेहरे आणि आपल्यासारखी आडनावं पाहून गृहीत धरू नका. बेटावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी सगळे एकाच रस्त्यावर विकतात आणि एकमेकांकडे खातात.

गाड्यावरची डाळपुरी बहुतेक ठिकाणी निर्धास्त खाता येते. वांग्याची भजी, अळकुड्यांचे गातो आरूय हेही शाकाहारी असतात, फक्त त्याच तेलात मासे तळले का ते बघा. खानावळीत शेवग्याच्या पाल्याची भाजी, पडवळ, भेंडी दिसली की नवऱ्याचा चेहरा उजळायचा. महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास बरेच हिंदू मांस-मासे सोडतात, तेव्हा शाकाहारी पदार्थ सगळीकडे वाढतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. करारावरच्या भारतीय मजुरांची सुरुवातीची तुकडी २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसला पोचली, पुढच्या काळात मुंबई बंदरातून कोकणातली माणसंही गेली, आणि त्यांच्या घरांत गणपती आजही बसतो. मला हे वाचून माहीत होतं, तरी एका खानावळीच्या गल्ल्यामागे गणपतीचा फोटो आणि त्याला ताजं जास्वंद वाहिलेलं पाहून डोळे भरून आले.

पण म्हणून हिंदी-मराठीत सुरुवात करू नका. रोजची भाषा क्रिओल आहे, फ्रेंचमधून घडलेली. आधी ‘बोंझूर’, मग बाकीचं. बोंझूर न म्हणता थेट मागणी करणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. दोन शब्द क्रिओलचे बोललात की पुढे इंग्रजी, फ्रेंच, हिंदी काहीही चालतं.

पैशाच्या दोन चुका

फळ्यावर ‘रु.’ लिहिलेलं असतं आणि डोकं त्याला आपला रुपया समजतं. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट आहे. गाड्यावर फरक जाणवत नाही, समुद्रकाठच्या टेबलावर चांगलाच जाणवतो.

तिथली दुसरी अडचण माशांच्या दराची. शेवंड, म्हणजे लॉबस्टर, आणि मोठे मासे अनेक ठिकाणी १०० ग्रॅमच्या दराने लिहिलेले असतात. एका उपाहारगृहात मी तो आकडा पूर्ण ताटाचा समजले. मासा आधी वजन करून दाखवायला सांगा आणि एकूण रक्कम कितीची होईल ते विचारा. १५ टक्के व्हॅट त्यात धरलाय का, तेही तेव्हाच. आणि ताजा आहे की गोठवलेला हे निःसंकोच विचारा, मासे खाणाऱ्या माणसाने लाजायचं नसतं. ऑक्टोपसचं कालवण अप्रतिम असतं, पण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ऑक्टोपस पकडायला बंदी असते. त्या काळात ‘आज सकाळचा ताजा’ म्हणून कोणी दिला तर घेऊ नका. त्याऐवजी मोहरी-हळदीतला माशाचा विंदाय घ्या, ज्याचं नाव गोव्याच्या विंदालूशी नातं सांगतं.

यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये सुरू झालं आहे, पण गाड्यावर त्याच्या भरवशावर जाऊ नका. सुटे पैसे जवळ हवेत. हजाराची नोट सकाळी सातला कुणीही मोडून देत नाही.

पोट बिघडलं तर

काचेच्या पेटीत तासन्‌तास पडलेलं घेऊ नका, समोर तळलं जातंय तेच घ्या. आमचं एकदाच बिघडलं, तेही दुपारी तीनला घेतलेल्या गार समोशाने. हिरव्या क्रॉसची पाटी असलेली औषधाची दुकानं गावोगावी आहेत, पण रविवारी दुपारी तीही बंद मिळू शकतात, म्हणून ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. प्रकरण गंभीर असेल तर रुग्णवाहिकेचा नंबर ११४.

आणि सोमवार माहेबूरसाठी राखून ठेवा. त्या दिवशी तिथे मोठा बाजार भरतो. फ्लाकचा बाजार बुधवारी आणि रविवारी असतो, तो आम्ही वार न पाहता चुकवला होता, म्हणून माहेबूरला सातलाच पोचलो. एका आजींच्या गाड्यावर गातो पिमांचा घाणा नुकताच निघाला होता. ‘बोंझूर’, मग ‘तिगीत पिमां’. त्यांनी पाव चिरला, लोणी लावलं, दोन वडे दाबून बसवले आणि आम्हा दोघांकडे एकदा बघून, न सांगताच मधोमध कापून दिला. समुद्राकडे तोंड करून कट्ट्यावर बसून तो खाल्ला, वर व्हॅनिलाचा चहा घेतला, आणि परत जाऊन आणखी एक घेतला. तेव्हा आठही वाजले नव्हते.