वाड्यातली जुनी रायफल : या चुका टाळा

दसऱ्याच्या पूजेला रायफल बाहेर निघते आणि घरातल्या एखाद्या उत्साही पुतण्याच्या हाती पॉलिश पेपर लागतो. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी वाड्यांत गंजानं केलं नसेल एवढं नुकसान या घासण्यानं केलंय. ईशापूरच्या रायफल कारखान्याचा ठसा, साल, नंबर, सगळं गुळगुळीत! ओळखीचा नंबर मिटवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे, हे वेगळंच. गंजावर तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुती कापडानं पुसा. काळपटपणा राहिला तर राहू द्या. कुंद्याला, म्हणजे लाकडी दस्त्याला, व्हार्निश नको. पलटणीत त्याला जवसाचं कच्चं तेल चोळत, आणि जवसाला आपल्याकडे काय तोटा? दोन-चार थेंब तळहातावर घेऊन लाकूड गरम होईस्तोवर चोळायचं, बस.

‘तेल लावलं तरी नळी गंजते’ ही नेहमीची तक्रार. जुन्या काडतुसाच्या टोपीतला (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातला) मसाला जळला की नळीत क्षार उरतो. तो मिठासारखा ओल ओढतो, तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून बार झाल्यावर त्याच दिवशी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता खिटका) काढून नळीत उकळतं पाणी ओता, कोरडी करा, मग तेल. पावसाळ्यात कॅनव्हासच्या खोळीत तर अजिबात ठेवू नका.

सैन्याच्या .३०३ बोअरच्या (नळीच्या मापाच्या) रायफलीवर सामान्य माणसाला परवाना मिळत नाही. घरोघरी दिसते ती बहुधा त्याच घडणीची .३१५. आजोबांच्या डब्यातलं काडतूस आत बसतंय म्हणून चालतं, असं समजू नका. बुडावरचा शिक्का वाचा. वाचता येत नसेल तर ते वाजवायचं नाही.

रेंजवर चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ आवाज आला, तर लगेच बोल्ट उघडणं ही सगळ्यात वाईट खोड. जुनी टोपी उशिरा पेटू शकते. नळीचं तोंड मातीच्या बांधाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा.

भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची बंदूक, असेल तर ती भरलेलीच आहे असं धरून चाला. तोंडापुढून बाजूला राहून गज अलगद आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज, खूण तोंडाशी जुळवून, बाहेरून नळीलगत धरा. टोक कानाच्या (दारू पेटवायच्या) भोकापासून चार बोटं अलीकडे राहिलं, तर आत बार आहे. स्वतः उकरू नका, परवानाधारक कारागिराला बोलवा.

निवडणुकीत जमा केलेली रायफल परत घेताना बोल्टवरचा नंबर बघा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसतो, पण काडतुसामागची फट बदलते आणि टरफल फुटू शकतं. नंबर जुळल्याशिवाय सही करू नका.