छोट्या ट्रॅक्टरचे चाक घसरते? वजन टाकण्याआधी घसर मोजा

चाक जागेवर फिरायला लागले की पहिला सल्ला येतो, 'मागे वजन टाका.' थांबा. नको ते वजन दिवसभर डिझेल खाते, आणि बारामती-इंदापूरच्या काळ्या रानात चाकोरी इतकी दबते की तिथले पीक हंगामभर खुरटे राहते.

आधी मोजमाप. वाफसा असताना मागच्या टायरवर खडूने खूण करा. कल्टिव्हेटर किंवा नांगर जमिनीत घालून चाकाचे 10 फेरे होईपर्यंत चाला आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. मग अवजार उचलून तेच अंतर पुन्हा कापा. साडेआठ ते नऊ फेरे लागले तर घसर 10 ते 15 टक्के आहे, काही करू नका. आठपेक्षा कमी लागले तरच उपाय हवा. साडेनऊच्या वर गेले तर बहुधा वजन आधीच जास्त आहे. हे रोटाव्हेटर लावून मोजू नका. त्याची पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, खरी घसर कळत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे: हवा. ट्रॉलीसाठी टणक भरलेली हवा तशीच ठेवून लोक रानात उतरतात. सकाळी, टायर थंड असताना, माहितीपुस्तिकेत शेतकामासाठी दिलेल्या दाबापर्यंत ती उतरवा. टायर पसरून टेकतो आणि पकड वाढते.

टायर बदलायचाच असेल तर रान पाहून घ्या. मुळशी, मावळ, भोरच्या भातखाचरांत खोल नक्षीचा टायर चिखल झटकतो. चिखलणीला केजव्हील (लोखंडी पिंजऱ्याचे चाक) उत्तम, पण ते लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नका. जुन्नरच्या द्राक्षबागेत आधी दोन ओळींतले अंतर मोजा. ट्रॅक्टर फोर बाय फोर (चारही चाके ओढणारा) असेल तर फक्त मागचे टायर मोठे घेऊ नका. पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडून गिअरवर ताण येतो. टायरवरचा बाण पुढे चालण्याच्या दिशेला हवा.

एवढे करूनही घसर राहिली तर वजनासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरा. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणा आणि आतली हवा बाहेर पडू देणाऱ्या नोझलने पाणी व्हॉल्व्हपर्यंत भरा. टायर साधारण 75 टक्के भरतो. वरच्या जागेत हवा भरा. लिटरमागे किलोभर वजन वाढते, म्हणून दोन्ही चाकांत पाणी सारखेच हवे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मीठ-रसायन घालायची गरज नाही.

जड अवजार उचलल्यावर स्टिअरिंग हलके लागले तर मात्र वजन पुढे लावा. एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे.

एकच चाक फिरत असेल तर डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी कळ) वापरा, पण सरळ चालतानाच, वळण्याआधी सोडा.

आणि रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाला लाकूड बांधून जोर कधीही करू नका. चाक अडकले की पुढचा भाग उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो, सावरायला क्षणही मिळत नाही. अवजार सोडा, चाकामागचा चिखल उकरा, रिव्हर्समध्ये हळूच काढा. नाही निघाला तर इंजिन बंद करून दुसरा ट्रॅक्टर बोलवा.